झाकणं वाजेपर्यंत

अंजिराच्या झाडाचं एक वाईट असतं. महिनोन्‌महिने ते गप्प उभं राहतं, आणि पिकायला लागलं की सगळं एकदम पिकतं. मग माणसांनी आपली कामंधामं टाकून त्याच्या मागे धावायचं. मिस्त्रींच्या परसातलं झाड पिकलं की त्या घरात दुसरं काही चालत नसे. एक दिवस फळं काढायची, देठ खुडायचे, चीक लागलेले हात खाजवत बसायचं, आणि दुसऱ्या दिवशी जॅम करून बरण्या भरायच्या. मुलगी दूरच्या शहरात नोकरीला गेली तेव्हा निघता निघता सांगून गेली होती की काही झालं तरी अंजिरांना मी येणार. त्याप्रमाणे यंदा ती आली खरी, पण तिचा जीव काही अंजिरांत नव्हता.

तिला बाबांना एक गोष्ट विचारायची होती. उत्तर 'नाही' असंच येणार, हे तिने मनाशी धरूनच ठेवलं होतं.

आता हे बाबा म्हणजे गल्लीचे मिस्त्री. घराच्या पुढच्या अंगाला त्यांचं गॅरेज, मागच्या अंगाला झाड आणि मध्ये संसार. त्यांच्या कानाची ख्याती अशी की गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली, की हे आतूनच सांगणार, पट्टा सैल झालाय म्हणून. "गाडी बोलते, आपण गप्प बसून ऐकायचं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मुलगी रांगायची तीही गॅरेजमध्ये, आणि बोलायला लागायच्या आधी तिला 'पाना दे' एवढं कळायला लागलं. तेव्हापासून तिचं नाव पाना पडलं ते पडलंच. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर राहिलं बिचारं.

पानाला इंजिनांच्या कारखान्यात नोकरी लागली तेव्हा बाबा म्हणाले, "जा." इतकंच. पुढे थोड्याच दिवसांत आईने फोनवर सांगितलं की बाबांनी गॅरेजचं शटर ओढलं ते कायमचंच. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "वय झालं त्यांचं." मिस्त्रींचं वय झालं, यावर गल्लीतल्या मांजरानेसुद्धा विश्वास ठेवला नसता. पानाने मनात हिशेब जुळवून टाकला. मी सोडून गेले, म्हणून बाबा रुसले.

आणि रुसलेच होते म्हणा की! फोन लावला की तिकडून ठरलेलं ऐकू यायचं, "बरी आहेस ना? जेवलीस ना? थांब, आईला देतो." बाबांचा फोन बटणांचा, त्यावर निरोप लिहून पाठवला तर तो उघडायचा कसा हेच त्यांना ठाऊक नव्हतं. ज्या माणसाने तासन्‌तास तिला कार्बोरेटर उकलून दाखवला होता, तो आता तिच्याशी दोन वाक्यांपुढे बोलेना.

तरी हिवाळ्यात एकदा तिने मनाचा हिय्या केला. तिला एक मुलगा आवडला होता. ग्रंथपाल होता. स्वभावाने सोन्यासारखा, पण गाडी चालवता येत नव्हती, आणि पेट्रोल-डिझेलमधला फरक विचारला तर तो एखादं पुस्तक काढून बघणार. मोठी गोष्ट आधी बाबांना, मग आईला, असाच तिचा लहानपणापासूनचा क्रम. दात पडला तेव्हा तसंच, नापास झाली तेव्हाही तसंच. म्हणून तिने बाबांना फोन केला आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. कोण आहे, कसा आहे, लग्न करायचं म्हणतोय, तुम्ही हो म्हणालात तरच. मग बाबा म्हणाले, "बरं, बरं. थंडी वाढलीय, सांभाळून राहा. थांब, आईला देतो."

आईने फोन घेतला आणि स्वेटर घालतेस ना, म्हणून विचारलं. पानाने "घालते" म्हटलं, फोन ठेवला आणि उशीत तोंड खुपसून पोटभर रडली. आईला तिने यातलं एक अक्षर सांगितलं नाही. बाबांनी जे ऐकून न ऐकल्यासारखं केलं, ते आईच्या कानावर घालून काय करायचं?

ग्रंथपाल मात्र शांत माणूस. तो म्हणाला, "फोनवरचं धरू नकोस. समोर बसून विचार, मग जे म्हणतील ते."

म्हणून ती आली होती.

बाबांनी दारातच तिची बॅग घेतली, पाठीवरून हात फिरवला, तिच्याकडे बघून भरभरून हसले. पानाला वाटलं, चला, वितळले वाटतं. पण बाबा शिडी लावून झाडावर चढले, आणि खाली टोपली धरून उभी असलेली ती काही म्हणाली की वरून नुसती पानं हलायची. यंदा फळ मोठं आहे नाही, म्हटलं, तर उत्तर नाही. तिकडे माझी बढती झाली, म्हटलं, तरी उत्तर नाही. वरून टपाटप अंजिरं टोपलीत पडत होती तेवढी.

संध्याकाळी ओट्यावर बसून बाबा देठ खुडत होते, तिच्याकडे पाठ करून. आत्ताच बोलावं, म्हणून ती मागे येऊन उभी राहिली. "बाबा," ती म्हणाली, "मी हिवाळ्यात फोनवर जे सांगितलं होतं, त्याचं काय करायचं?" बाबांनी एक देठ खुडला. दुसरा खुडला. मान वळवून बघितलंसुद्धा नाही. पाना तशीच आत निघून गेली. तिच्यासाठी तर पाठ हेच उत्तर झालं होतं.

आई दारात उभी राहून हे बघत होती. एरवी या बाईच्या तोंडात तीळ भिजत नाही. शेजारच्या काकूंकडे काय शिजलं ते काकूंच्या नवऱ्याच्या आधी हिला ठाऊक. पण त्या दिवशी ती पानाकडे बघून काहीतरी बोलायला गेली, बाबांच्या पाठीकडे बघून थांबली आणि "चीक धुऊन टाक हाताचा," एवढंच म्हणाली. पानाला ते जरा विचित्र वाटलं, पण स्वतःच्याच दुःखात असलेल्या माणसाला दुसऱ्याचं काय दिसणार?

सकाळी साखरेत मुरलेल्या अंजिरांना छान पाणी सुटलं होतं. मोठं पातेलं गॅसवर चढलं आणि घरभर तो गोड वास पसरला, ज्याच्यापुढे रुसवे-फुगवे धरून बसणं फार अवघड. आई ढवळायला, पाना लिंबं पिळायला, बाबा बरण्या उकळायला. ही कामं वाटून घेतलेली होती, त्यांत कुणी ढवळाढवळ करायची नाही. आईने फ्रीजमधली थंड बशी काढली, तिच्यावर जॅमचा एक थेंब टाकला आणि बोटाने ढकलून बघितला. थेंबाला सुरकुती पडली नाही. "अजून आहे," ती म्हणाली. थोड्या वेळाने परत ढकलला तर साय धरल्यासारखी सुरकुती पडली. मग एकच धावपळ. गरम बरण्यांत गरम जॅम, वर बोटभर जागा रिकामी, काठ स्वच्छ फडक्याने पुसायचे, झाकण लावायचं, आणि भरलेल्या बरण्या परत उकळत्या पाण्यात बुडवायच्या. काठ पुसायचं काम बाबांचं. इंजिनाचा भाग पुसावा तितक्या निगुतीने ते काठ पुसत.

उकळून झाल्यावर बाबांनी सांडशीने एकेक बरणी उचलून टेबलावर घडी घातलेल्या टॉवेलवर मांडली. आता खरी परीक्षा. बरणी निवायला लागली की आतली हवा आवळते आणि झाकणाचा फुगीर मधला भाग आत ओढला जातो. तेव्हा 'टक्' असा बारीक आवाज येतो. वाजलं झाकण म्हणजे जॅम वर्षभर टिकणार. नाही वाजलं तर ती बरणी उघडून पुन्हा उकळायची. बोटाने दाबून बघितलं की कळतं, असं सगळं जग म्हणेल. पण या घरात बोट लावायला सक्त मनाई. एकदा कुणा पाहुण्याने शहाणपणा करून गरम झाकण दाबलं, ते खोटंच आत बसलं, आणि महिन्याभरात त्या बरणीला बुरशीची मिशी फुटली. तेव्हापासून बाबांचा हुकूम होता, ऐकायचं, हात लावायचा नाही. लहानपणी पाना आणि बाबा समोरासमोर बसत आणि 'टक्' झालं की दोघं एकदम बोट वर करत. ज्याचं आधी वर जाईल तो जिंकला.

बरण्या मांडून झाल्या आणि आईने पिशवी उचलली. "मी जरा बाजारात जाऊन येते. लिंबं आणायचीत."

"आत्ता?" पाना म्हणाली. "झाकणं वाजायच्या वेळेला? आणि ही काय समोर पडलीत लिंबं!"

"ती नकोत," आई म्हणाली. असं बेधडक खोटं ती आयुष्यात कधी बोलली नसेल. मग बाबांच्या अगदी समोर जाऊन, त्यांच्या खांद्याला हात लावून मोठ्याने म्हणाली, "बाजारात जाते. पाना आहे बसलेली."

बाबांच्या तोंडावरचा रंगच उडाला. "लगेच ये," ते म्हणाले. "अगं, लगेच ये बरं का."

"येते की. पळून चाललेय का मी?" म्हणत आई गेलीसुद्धा.

टेबलाच्या एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला पाना, मध्ये बरण्या. गॅस बंद, पंखा बंद. बाबांनी डोळे मिटले, मान बरण्यांकडे कलती केली आणि जिवाचा कान करून बसले.

टक्.

पानाचं बोट सवयीने वर गेलं. बाबा हलले नाहीत. बोट तसंच हवेत राहिलं, मग तिने ते हळूच खाली घेतलं. तिला वाटलं, एवढाही खेळ आता माझ्याशी खेळायचा नाही तर! इतकं का मन कठोर करावं माणसाने?

टक्. पाठोपाठ आणखी एक. मग दोन जवळजवळ एकदमच. सगळ्या बरण्या एकामागून एक वाजल्या, आणि बाबा तसेच बसून राहिले, कपाळाला आठ्या घालून.

बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले. चेहरा पार उतरला होता. "एकही वाजलं नाही गं अजून," ते म्हणाले.

पाना बघतच राहिली. थट्टा करतात म्हणावं तर चेहरा थट्टेचा नव्हता.

"काठ नीट पुसले नाहीत वाटतं मी. हातच चालेनासे झालेत," बाबा स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "तुझ्याबरोबर द्यायच्या होत्या या. तिकडे विकतचा खातेस..." ते उठले, गॅस पेटवला, पाण्याचं पातेलं वर सरकवलं आणि चांगली घट्ट बसलेली पहिली बरणी उघडायला हातात घेतली.

"बाबा, थांबा! सगळ्या वाजल्यात!" पाना त्यांच्या पाठीमागून म्हणाली.

बाबा झाकणाला जोर देत होते.

"बाबा!" ती ओरडलीच.

त्यांनी वळून बघितलं नाही. आणि तेव्हा कुठे त्या शहाणीच्या डोक्यात प्रकाश पडला. झाडावरची सामसूम, ओट्यावरची पाठ, फोनवरचं 'आईला देतो', गॅरेजचं शटर, सगळं एकदम तिच्यासमोर येऊन उभं राहिलं. रुसलेलं कुणी नव्हतंच. तिने पुढे जाऊन त्यांच्या हातातली बरणी काढून घेतली. गॅस बंद केला. त्यांचं बोट धरलं आणि झाकणाच्या मधोमध ठेवलं.

खळगा लागला. बाबांनी तिच्याकडे बघितलं. तिने त्यांचं बोट दुसऱ्या झाकणावर नेलं, मग तिसऱ्यावर. पुढच्या बरण्यांवर ते आपले आपणच हात फिरवत गेले आणि शेवटची झाल्यावर मटकन खुर्चीत बसले.

"कधी वाजल्या?" त्यांनी विचारलं.

पाना समोर येऊन गुडघ्यांवर बसली, त्यांना तिचं तोंड दिसेल अशी. "आत्ता. तुमच्यासमोर."

बाबांनी रांगेतल्या बरण्यांकडे एकवार बघितलं. मग म्हणाले, "गेल्या वर्षी एखाददुसरं झाकण तरी ऐकू आलं होतं, म्हणून मला वाटलं, यंदा वाजलीच नाहीत. तेव्हाही तू समोर बसली होतीस. बाकीच्यांना तुझी आई टेबलाखालून पाय मारायची आणि मी बोट वर करायचो."

"अगं बाई!" पानाला हसू आलं आणि त्याच हसण्याला धरून रडूही आलं. "म्हणून गेल्या वर्षी सगळ्यांत मी जिंकले!"

"बारीक आवाज आधी गेले," बाबा सांगू लागले. "झाडावरची पाखरं गेली. मग गाड्या. एकाची गाडी माझ्या हातून दुरुस्त होऊन गेली, आणि भर रस्त्यात बायकोपोरांसकट बंद पडली. आत खरखर होती, ती मला ऐकूच आली नव्हती. त्याच दिवशी शटर ओढलं. कुणाच्या जिवाशी खेळ नको."

"मला वाटलं, मी गेले म्हणून ओढलंत!"

तिचे ओठ बघत बाबांनी ते समजून घेतलं आणि चिडलेच. "वेडी का खुळी? तू गेलीस त्या दिवशी मी गल्लीभर पेढ्यांसारखी अंजिरं वाटली, विचार काकूंना."

"मग सांगितलं का नाहीत मला? एवढे दिवस? अहो, मी तिकडे एकटी बसून रडत होते, बाबा माझ्याशी बोलत नाहीत म्हणून!" आता तिचा राग उसळला आणि तो उसळायलाच हवा होता.

"सांगितलं असतं तर परत आली असतीस. नोकरी सोडून, गॅरेज चालवायला." त्यांनी तिच्याकडे रोखून बघितलं. "आली असतीस की नाही?"

पानाने मान खाली घातली. आलीच असती ती.

"म्हणून तुझ्या आईला शपथ घातली, पानाला कळता कामा नये. ती यंत्र बसवून घ्या म्हणून रोज डोकं खाते. मीच अडून बसलो. मिस्त्री कानात यंत्र घालून फिरतोय, म्हणजे झालंच म्हणायचं!" मग हळू आवाजात म्हणाले, "फोनवर तुझं 'बाबा' तेवढं कळायचं गं. पुढे नुसती कुरकुर. ते 'बाबा' ऐकलं की मी फोन देऊन टाकायचो. जास्त वेळ धरला असता तर तू काही विचारशील आणि माझं पितळ उघडं पडेल, ही भीती."

पानाने डोळे पुसले. "मी हिवाळ्यात फोन केला होता. तेव्हा काय सांगितलं तुम्हाला, ठाऊक आहे?"

"नाही."

"तुम्ही 'बरं, बरं' म्हणालात."

"मी सगळ्यालाच 'बरं' म्हणतो. काय सांगितलं होतंस?"

ती उठली, त्यांच्या उजव्या कानाशी वाकली आणि सगळी लाज गुंडाळून ठेवून ओरडली, "मला एक मुलगा आवडतो! लग्न करायचं म्हणते मी! तुम्ही हो म्हणालात तरच!"

खिडकी उघडी होती. समोरच्या घरात भांडं घासता घासता कुणाचा तरी हात थांबला.

बाबा तिच्याकडे बघत राहिले. "हे तू मला सांगितलंस? आईच्या आधी?"

तिने मान हलवली.

"आणि मी थंडीचं सांगून फोन देऊन टाकला." त्यांचे डोळे भरले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत. "माझी लेक एवढी गोष्ट सांगत होती, आणि मी नुसता फोन कानाला लावून उभा! पाना, फार वाईट केलं मी."

"नाही हो, बाबा."

"परत सांग. तेव्हा जसं सांगितलंस तसं, पहिल्यापासून. काही गाळू नकोस."

मग पानाने त्यांच्या कानाशी बसून सगळं सांगितलं, घसा बसेपर्यंत. तो पुस्तकं सांभाळतो, हे सांगितलं. त्याला गाडी येत नाही, हेही सांगितलं. "काय येत नाही?" बाबांनी विचारलं. "गाडी!" ती ओरडली. "अजिबात?" "अजिबात!" बाबा मोठ्याने हसले. "मग तुला नवऱ्याशी भांडण झालं तर चावी घेऊन निघायला बरं!"

बाहेर फाटकाशी आई रिकामी पिशवी घेऊन कधीची उभी होती. ती बाजारात गेलीच नव्हती. काकूंच्या ओट्यावर बसून होती आणि पानाचा पहिला आवाज आला तशी फाटकाशी धावली होती. शपथ तिने अक्षरशः पाळली होती, तोंडातून ब्र काढला नव्हता. बाप-लेकीला एकत्र सोडून फक्त बाहेर पडली होती. पण लग्नाचं ऐकून ती कपाळावर हात मारून मागोमाग आलेल्या काकूंना म्हणाली, "बघा हो! जावई कोण, ते मला रस्त्यात उभं राहून कळतंय!" आणि पदराने डोळे टिपत पुन्हा कान देऊन ऐकायला लागली.

आत पानाचं सांगून संपलं होतं. तिने बाबांच्या समोर येऊन विचारलं, "मग? हो ना, बाबा?"

आपला आवाज किती मोठा झालाय हे बाबांना कळायचं कारणच नव्हतं. ते म्हणाले ते सबंध गल्लीला स्वच्छ ऐकू गेलं. "हो म्हणजे काय, हजार वेळा हो! पण त्याला इतक्यात आणू नकोस. आधी मला कानाच्या डॉक्टरकडे ने. पोरगा घरी येईल तेव्हा तो काय बोलतो, ते मला तुझ्या आईकडून नाही, त्याच्याच तोंडून ऐकायचंय."